आपांनी न धरलेली वाढ

"समोर नका बसू. इकडं बाजूला या."

बीडला फळबाजारावरच्या मजल्यावर आपांचं ऑफिस होतं. तिथं गेलेल्या प्रत्येकानं हे वाक्य ऐकलेलं आहे. म्हणता म्हणता त्या स्वतःच खुर्ची ओढून टेबलाच्या आपल्या बाजूला लावायच्या. "समोर बसलं की माणूस साहेबाला सांगतो तसं सांगतो. बाजूला बसलं की घरातल्यासारखं बोलतो." वडील मोटार मेकॅनिक, लेक चार्टर्ड अकाउंटंट. वयानं मोठे असलेले व्यापारीही त्यांना आपाच, म्हणजे थोरली बहीणच, म्हणत.

माझी त्यांची गाठ घरापायी पडली. आष्टीत माझं शिलाईचं दुकान आहे. पुढच्या खोलीत मशिनी, मागं आम्ही राहतो. घरमालकांनी ते दुमजली घर विकायला काढलं. "दिवाळीपर्यंत तुमच्यासाठी थांबतो," ते म्हणाले, "मग दुसरं गिऱ्हाईक तयार हाय." घर गेलं असतं तर दुकानही गेलं असतं. बँक कर्जाला नाही म्हणत नव्हती, पण मला पगाराची चिठ्ठी नाही. म्हणून प्राप्तिकराची मागची विवरणपत्रं आणि पुढच्या वर्षांच्या उत्पन्नाचा अंदाज, तोही सीएच्या सहीनं, असं मागितलं होतं.

मी सगळी तयारी करून गेले. फाइल, फाइलला रंगीत चिठ्ठ्या, वर अनुक्रमणिका. कर्ज मिळवून देणाऱ्या एजंटानं सांगितलं होतं, दरसाल वीस टक्के वाढ दाखवा, बँकेला चढता आकडा आवडतो. मी दाखवली होती.

आपा फाइल बघून खूश झाल्या. "ताई, माझ्या ऑफिसातबी इतकी टापटीप न्हाई हो." मग पेनाला टोपण लावलं. "आता ही वीस टक्के कुठून आली ते सांगा."

"सगळे तेवढीच धरतात."

"सगळ्यांची दुकानं तुमीच चालवता का?"

मला राग आला. दुसरीकडं चहा संपायच्या आत सही मिळते, असं मी ऐकून होते. ते मी बोलूनही दाखवलं. आपा हसल्या. "मिळत असंल. पण पुढं काय होणार ते अल्लाला ठाऊक, त्याच्यावर सही करणारी मी कोण? तुमी कशाच्या जोरावर बोलता, ते बघायचं अन् त्याच्यावर सही करायची. एवढंच माझं काम."

आणि बघायचं म्हणजे खरंच डोळ्यांनी बघायचं. एका कोंबडीवाल्याच्या शेडमध्ये त्या नाकाला ओढणी बांधून हिंडल्या होत्या, हे त्यानंच मला सांगितलं. बाहेर येऊन म्हणाल्या म्हणे, "वास खरा हाय, म्हंजे कोंबड्या खऱ्या."

माझ्या अंदाजातल्या पहिल्याच ओळीवर गाडी अडली. एका नव्या शाळेच्या गणवेशांचं काम मी धरलं होतं. "कागद?" आपांनी विचारलं. मी म्हटलं, मुख्याध्यापकांनी शब्द दिलाय. "लई चांगले असतील. पण त्यांची बदली झाली की शब्दबी त्यांच्यासंगं जाईल." ओळ कटली. दुसरी ओळ शर्टांची होती. आमच्याकडच्या बाया दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. उसाचं पातं हात कापतं, म्हणून साडीवर पुरुषी, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात. ते मी जाड कापडाचे, दुहेरी शिलाईचे शिवते. "हे बघायला मी येते," आपा म्हणाल्या.

त्या एसटीनं आल्या, बाजाराच्या दिवशी, पिशवीत माझ्यासाठी सीताफळं घेऊन. दुकानात बाकड्यावर बायांमध्ये बसल्या आणि मागितलं नसताना शर्टांना बटणं लावू लागल्या. ही बाई सीए आहे, हे कुणालाच कळलं नाही. वाडीवरची माझी एक नेहमीची गिऱ्हाईक लेकीला घेऊन आली. नेहमी एक शर्ट शिवायची, आता दोन सांगितले.

"दुसरा कुणाला गं?" आपांनी विचारलं.

"हिला. या साली हिलाबी नेती. दहावीची परीक्षा झाली, बसून काय करती?"

"अन् पुढल्या साली?"

"पुढल्या साली धाकटी," बाई हसून म्हणाली. "विहिरीला पाणी लागलं तर मात्र कुणीच जायचं न्हाई बघा. मग शर्टाचं काय, तुमचं दुकान मी नव्या लुगड्यात बघायला यीन!"

मी मुलीच्या हाताचं माप घेत होते. मनगट एवढंसं होतं. आपांनी दोरा दातानं तोडला आणि पुढचा शर्ट मांडीवर ओढला.

बाया गेल्यावर म्हणाल्या, "ताई, शर्टात वाढ धरायची म्हंजे दरसाल आणखी पोरी उसाच्या फडात जाणार, असं मी सहीनिशी लिहून द्यायचं. ते माझ्या हातून व्हायचं न्हाई." लगेच आवाज कामाचा झाला. "अन् पाणी लागलं तर ह्या सगळ्या थांबतील. निम्मे शर्ट गेले तरी हप्ता निघाला पायजे. तेवढंच कर्ज घ्या."

"मग घर हातचं जाईल, आपा."

"सगळं घर कशाला घेताय? वर कोण राहतंय?"

वर कोणीच राहत नव्हतं. माझ्या इतक्या याद्यांमध्ये हा प्रश्न कुठंच नव्हता. आपा तशाच उठून घरमालकांकडं गेल्या आणि त्यांनाही बाजूला बसवून घेतलं असावं, कारण तासाभरानं ते कुरकुरत का होईना, फक्त खालचा मजला विकायला कबूल झाले. बँकेच्या साहेबांनी अंदाजाचा कागद पाहिला. "वाढ नाहीच दाखवली?" म्हणाले. मग खालची सही पाहिली आणि पुढं काही विचारलं नाही. दिवाळीच्या आधी खरेदीखत झालं.

दर मार्चला मी बीडला जायची. आपा आधी शर्टांचं विचारत, मग बाकीचं. तुमच्या ओळखीत हिशेब ठेवणारी माणसं पुष्कळ असतील. हिशेबातला माणूस एवढ्या काळजीनं जपणारं मी दुसरं कुणी पाहिलेलं नाही. मागच्या हिवाळ्यात त्या गेल्या. थोडाच आजार, कुणाला फारसं कळूही दिलं नाही. आता ऑफिस त्यांचा भाचा बघतो. मुलगा हुशार आहे, फोनही त्यांचाच वापरतो.

यंदा वाडीवर पाऊस चांगला झाला. दसऱ्याच्या आधी ती बाई आली, खरंच नव्या लुगड्यात. "विहिरीला पाणी हाय. कांदा लावलाय. आमी कुणीच जात न्हाई. आमच्या वाडीतल्या लई जणी थांबल्या," म्हणाली. थोरलीचं विचारलं, तर ती जवळच्या कडा गावातल्या कॉलेजात जाते. बाई ब्लाऊजचं माप देऊन गेली. शर्ट यंदा निम्म्यावर आलेत. हप्ता मात्र वेळेवर गेला.

मी फोन लावला. आपा नाहीत, हे माहीत असून लावला. भाच्यानं उचलला. मी त्याला विहीर, कांदा, ती मुलगी, सगळं सांगितलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि जरा गोंधळून विचारलं, "म्हणजे काकू, धंदा कमी झाला का?"

"हो," मी म्हटलं. "पुष्कळ कमी झाला."