बाबांना बॉल दिसावा म्हणून

एका घरात एक गेमर, एक रिटायर्ड अंपायर आणि एक नको तितका हुशार मॉनिटर असला, की किस्से शोधायला जावं लागत नाही. चपला काढून स्वतःच आत येतात! बालीगंजला प्रसाद आणि वैशालीच्या फ्लॅटवर रविवारी दुपारी माझा अड्डा असायचा. प्रसाद बँकेत, बदलीवर कोलकात्याला आलेला. मी आयटीत. दोघांनाही गेमिंगचं वेड आणि मराठीत भांडायची हौस. किस्से सांगताना हसू येतं खरं, पण मध्येच चुटपुट लागते. असो, ऐका.

*

प्रसादच्या मॉनिटरमध्ये एक सोय होती. स्क्रीनमागचा दिवा सतत जळत ठेवायचा नाही, भराभर लुकलुकवायचा. मग पळणारी वस्तू फरफटत नाही, रेखीव दिसते. तासन्‌तास तो तेच सेटिंग करत बसायचा. खेळायचो कमी, बटणंच जास्त दाबायचो!

एकदा वैशाली जेवायला बोलवून बोलवून थकली आणि लाटणं घेऊन थेट स्क्रीनसमोर आली. लाटणं हलवलं, तर त्या लुकलुकीत एकाची पाच-सहा लाटणी दिसायला लागली.

"बघ," ती म्हणाली, "आता पळून कुठे जाशील?"

*

मग साताऱ्याहून बाबा आले. प्रसादचे वडील. जन्मभर शाळेत मास्तरकी, आणि सुट्टीत तालुक्याच्या मॅचेसना अंपायरिंग. आल्या आल्या डॉक्टरांकडे नेलं. डोळ्यांचा मागचा पडदा गेला होता. चष्मा, ऑपरेशन, कशाचाच उपयोग नव्हता.

बाबा वर्षभर फोनवर म्हणत होते, "अरे, टीव्ही धूसर झालाय." आणि आमच्या या हुशार माणसाने काय करावं? साताऱ्याला नवा कोरा टीव्ही पाठवला! शेजारपाजारी पेढे वाटले म्हणे बाबांनी.

"आधी आणलं असतं तर थोडी नजर वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले," प्रसादने मला सांगितलं. "टीव्ही कसला पाठवला गं मी? मी जायला हवं होतं."

मी चहा ढवळत बसले.

*

बाबांना त्याने खरं सांगितलंच नाही. "थेंब घाला, होईल बरं" एवढंच. आणि मॉनिटरच्या मागे लागला. गेमिंग बंद, फक्त क्रिकेट. बाबांना बॉल दिसला पाहिजे, एकदा तरी! मी म्हटलं, "प्रसाद, दोष मॉनिटरचा नाहीये." तर माझ्यावरच खेकसला.

दिवा लुकलुकला की स्क्रीन अंधारते. म्हणून भरदुपारी खिडक्या बंद, पडदे ओढलेले. लाइट गेली की काय, म्हणून शेजारचे बंगाली मित्रदा दारातून डोकावले. "की होलो? कारेंट गॅछे?"

"नो नो," आतून बाबा म्हणाले, "बॅड लाइट! खेळ थांबलाय."

*

पुढची भानगड निराळी. प्रक्षेपणात सेकंदाला चित्रं जितकी, त्याच्या दुप्पट वेळा दिवा लुकलुकत होता. म्हणजे प्रत्येक चित्र दोनदा. मी ओरडले, "अरे, बॉल दोन दिसतायत!"

"दोन?" बाबा म्हणाले. "तुला दोन आणि मला एकही नाही? वाटून घ्या की जरा!"

वैशाली आणि मी खो खो हसलो. प्रसाद उठून गॅलरीत गेला तो बराच वेळ आलाच नाही.

शेवटी त्याने लुकलुक चित्रांच्या वेगाशी जुळवली. बॉल एकच झाला, अगदी रेखीव. पण ती फडफड इतकी, की वैशालीचं डोकं ठणकायला लागलं. मला तर मळमळायलाच लागलं. बाबा मात्र म्हणाले, "मला काही त्रास नाही बुवा." त्यांच्यापर्यंत ती फडफडही पोचत नव्हती.

*

बाबा साताऱ्याला परत निघायच्या आधीचा रविवार. मुलीकडे राहणार होते ते आता. मॅच चालू होती. मॉनिटरला स्पीकर नसल्यामुळे सगळं मुकंच. बाबा खुर्चीत, वैशाली आणि मी त्यांच्या मागे. प्रसाद मॉनिटरच्या पाठीमागे वाकून केबल घट्ट करत होता. चित्र मध्येच जात होतं म्हणे.

तिथूनच त्याने विचारलं, "बाबा, आता? आता दिसतो का बॉल?"

बाबा खुर्ची पुढे सरकवून बसले. डोळे बारीक केले.

"दिसतोय!" ते म्हणाले. "अरे, स्वच्छ दिसतोय! शिवणसुद्धा दिसतेय."

"खरंच, बाबा?" प्रसादने मागूनच विचारलं.

"अंपायर आहे मी. उगीच कशाला सांगेन?"

स्क्रीनवर प्रेशर कुकरची जाहिरात चालू होती.