पाय धुण्याचा शुक्रवार

शुक्रवार, १२ जुलै २०२४. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी बहरीनच्या जिदहफ्स भागातल्या माझ्या घराची घंटा वाजली. मी चहा गाळत होतो. मी ज्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचा पाळक आहे, तिच्यातल्या दोन भावांपैकी धाकटा दारात उभा होता. तो तुबलीतल्या एका गॅरेजमध्ये गाड्यांच्या वायरिंगचे काम करतो. थोरला त्याच गॅरेजमध्ये चेपलेले पत्रे ठोकून सरळ करी. दोघे नागपूरपलीकडच्या एका खेड्यातले.

"पाळकसाहेब, मी आज प्रभुभोजन नाही घेत," तो म्हणाला. "मोठा घेते त घेऊ द्या. मी बाहेर बसतो."

"बाहेर जुलै आहे. आत ये, चहा घे."

"चहा नको."

"चहाशी तुझे भांडण नाही."

तो आत आला.

आम्ही मेनोनाइट, ख्रिस्ती लोकांतला एक जुना पंथ. आम्ही शपथ घेत नाही, शस्त्र धरत नाही, अजाण मुलांना बाप्तिस्मा देत नाही. प्रभुभोजनाच्या दिवशी भाकर मोडण्याआधी आम्ही एकमेकांचे पाय धुतो. पुरुष पुरुषांचे, बायका बायकांचे. ज्याचे भावाशी बोलणे तुटले असेल त्याने आधी ते जोडावे आणि मग भाकरीला हात लावावा, हा आमचा नियम. मंडळी लहान आहे, माझ्या बैठकीच्या खोलीत मावते. पाळकाला पगार नाही. बाब अल बहरीनजवळच्या एका कापड दुकानात मी अजून काम करतो आणि माझा व्हिसा त्यावरच आहे. सहा दिवस दुकानाचे, सातवा मंडळीचा. एकाहत्तराव्या वर्षी ही वाटणी अंगावर येते.

पाच वर्षांपूर्वी, मे महिन्यात, या भावांची आई वारली. थोरला तेव्हा सुटीवर गावीच होता. धाकट्याला इथून विमान मिळेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. थोरल्याने वाट न पाहता आईला माती दिली. धाकटा पोहोचला तेव्हा कबर बुजलेली होती. पुढे दोघे इथे परतले, एका खोलीत राहिले, एका शेगडीवर रांधू लागले, पण एकमेकांशी बोलले नाहीत. काही सांगायचे असले तर फोरमनमार्फत, हिंदीतून. आता थोरल्याचा व्हिसा रद्द झाला होता आणि त्याच रात्रीच्या विमानाने तो कायमचा निघाला होता. या शुक्रवारी जुळले नाही, तर पुढे जुळण्याला जागा नव्हती.

दहा वाजता मंडळी जमली. थोरला दाढी करून, प्रवासाचे कपडे घालूनच आला. मी थोडक्यात उपदेश केला. लांबवण्याइतके बळ नव्हते. बायका आतल्या खोलीत गेल्या. पुरुषांसाठी खुर्ची, पाण्याचा टब आणि टॉवेल मांडले.

या दोघांपैकी कोणीच उठणार नाही, अशी माझी अटकळ होती. दोघेही एकदम उठले. थोरल्याने बाह्या सारल्या, धाकट्यानेही सारल्या. खुर्ची रिकामी राहिली.

"बस," मी थोरल्याला म्हटले.

"मी काहून बसू? मी धुतो त्याचे. दहा वेळा धुतो. पण त्यानं माह्या पायाले हात नाही लावाचा."

"आन् मी बसलो त हा गावभर सांगत फिरन," धाकटा माझ्याकडे पाहून म्हणाला, "का लहान्याचे पाय धुऊन आलो."

"त्याले सांगा, उन्हाळ्यात मायले ठेवाले गावात बरफ कुठला होता?"

"त्याले सांगा, मी बरफ नाही मांगतला. बुजवाच्या आधी एक फोन मांगतला."

"पाळकसाहेब," मागून एक म्हातारा सुतार म्हणाला, "दोघांना दोन टब द्या. खुर्ची काढून टाका." कोणीतरी हसले.

हे मी अनेकदा पाहिले आहे. वाकायला माणूस तयार असतो, कारण वाकण्यात तोच मोठा ठरतो. आपली टाच दुसऱ्याच्या हाती देणे त्याला जड जाते. प्रभुभोजन पुढे ढकलावे, असे मनात आले. ते सोपे होते आणि मी थकलो होतो. पण थोरल्यापाशी पुढचा शुक्रवार नव्हता.

मी स्वतः खुर्चीत बसलो आणि मोजे काढले. पाय सुजले होते, रबराचे वळ उठले होते. दोन्ही पाय टबात ठेवले.

"उजवा तू, डावा तू," मी म्हटले. "मला फार वेळ बसवू नका."

दोघे गुडघ्यांवर बसले. टब लहान होता. हाताला हात लागला की ते मागे घेत, पण मागे घ्यायला पाण्यात जागा नव्हती.

"हळू घास," धाकटा एकाएकी म्हणाला. "म्हाताऱ्याचा पाय हाये. गाडीचा पत्रा नाही."

थोरल्याने मान वर केली नाही. "फोन लावला होता," तो म्हणाला. "दोनदा. तू विमानात होता."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"तू इचारलं काहून नाही?"

मी पाय पुसले आणि खुर्ची सोडली. मग धाकटा बसला. त्याच्यानंतर थोरला बसला, डोळे घट्ट मिटून, इंजेक्शन घेताना मिटतात तसे. पाय धुतल्यावर गळाभेट घ्यायची, अशी आमची रीत. ती त्यांनी घेतली नाही. हातात हात दिला. मी तेवढे पुरे मानले आणि भाकर मोडली.

संध्याकाळी धाकट्याचा फोन आला.

"पोचवलं त्याले विमानतळावर."

"काही बोलला?"

"मायच्या कबरीवर दगड बसवतो म्हणे. मी म्हटलं, मी सुटीवर आल्यावर बसवू. तवापर्यंत थांब."

"थांबेल?"

"हाव म्हणला. वरून इथल्या अरबांसारखं इंशाल्ला म्हणला."

मी फोन ठेवला. टबातले पाणी सकाळपासून तसेच होते. ते मोरीत ओतले, टब उपडा घातला आणि टॉवेल पिळून गच्चीवर दोरीला वाळत घातले.