बिनचेहऱ्याचा माणूस खाप्याला गेला तेव्हा

आमचा ॲनिमेशन स्टुडिओ नागपूरच्या सक्करदऱ्यात, गादीवाल्याच्या दुकानावर. माणसं तीन. बाहुला केसभर हलवायचा, फोटो काढायचा, परत हलवायचा. अख्ख्या दिवसात फिल्म चार-पाच सेकंद पुढं जाते, पण किस्से मात्र धडाधड तयार होतात! डबे उघडले की एखादा निघतोच.

*

आमचा बॉस प्रमोददादा. नोकरी मागायला येणाऱ्याला तो एकच प्रश्न विचारतो, "लहानपणी टीव्हीवर कोणतं कार्टून पाहून टरकला होता?"

एक डिग्रीवाला ऐटीत म्हणाला, "मी कधीच घाबरलो नाही, सर."

"मग आमच्या काय कामाचा बाप्पा तू!" म्हणत दादाने त्याला चहा पाजून रवाना केलं.

मी सांगितली कागदाची बकरी. ती स्वतःची सावली खायची आणि मग वळून आपल्याकडे पाहायची. ते पाहिल्यावर मी कितीतरी दिवस घरातले दिवे बंद करत फिरलो, सावलीच पडायला नको! आईच्या शिव्या खाल्ल्या. दादाने तिथल्या तिथे मला साउंडचं काम दिलं.

*

दादाचं स्वतःचं कार्टून मात्र कोणीच पाहिलेलं नाही. नरखेडकडच्या गावात, शेजाऱ्यांच्या टीव्हीवर, दोन कार्यक्रमांच्या मध्ये लागलं होतं म्हणे. क्लेचा एक माणूस. त्याला चेहराच नाही. तो दारोदार ठोकत विचारतो, "माझा चेहरा आहे का तुमच्याकडे?" शेवटच्या दाराशी आला आणि दादा घाबरून पळाला. पुढे काय झालं, ते त्याला आजही माहीत नाही.

आम्ही अख्खं इंटरनेट पालथं घातलं. काही नाही! त्याचा सख्खा भाऊ तेव्हा शेजारी बसला होता. तो म्हणतो, "असं काई नव्हतं गा. तुले ताप होता."

हे ऐकलं की दादाचं डोकंच फिरतं. शेवटी एक दिवस टेबलावर हात आपटून म्हणाला, "आयुष्यभर खोटारडा म्हणून घेतलं. आता बनवूनच दाखवतो!"

*

नागपूरचा मे महिना आणि क्लेचा माणूस! कूलर लावला तर बाहुले हलतात, बंद केला तर वितळतात. आमच्या शालूताईने, बाहुले तीच बनवते, बिनचेहऱ्याला खाली घरमालकीणकाकूंच्या फ्रिजमध्ये ठेवलं. सांगायचं मात्र राहून गेलं.

दुपारी काकू बर्फ काढायला गेल्या आणि जी किंकाळी फुटली! "माय वं! शालू, फ्रिजात कोण बसून राहिलं वं?"

"चला, पास झालो!" दादा खुशीत म्हणाला. काकूंनी दोन दिवस थंड पाणी दिलं नाही.

*

मुंबईच्या एका चॅनेलवाल्या साहेबांना तुकडा पाठवला. त्यांचा फोन आला, "छान आहे, पण थोडा क्यूट करा. निदान डोळे तरी द्या."

दादा शांतपणे म्हणाला, "डोळे दिले तर त्याले तुमचं घर दिसन, साहेब."

काम गेलं! हातात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, तरी त्या दिवशी आम्ही तर्री-पोहे खाऊन सण साजरा केला. मला आजही त्या फोनचा अभिमान वाटतो.

*

फिल्म पूर्ण झाली. पहिला शो नागपूरजवळच्या खाप्याच्या एका शाळेत. पुढे लेकरं, मागे आई-बाप. शेवट आम्हीच रचलेला: शेवटच्या दारातली पोरं कोळशाने त्याचा चेहरा काढतात. लेकरांनी श्वास रोखून पाहिलं आणि मग काय टाळ्या! शालूताई तर रडायलाच लागली.

दादाने माइक घेतला. "ही फिल्म मी लहानपणी पाहिली होती," तो म्हणाला. लोक हसले. आम्हीही हसलो, सवयच होती.

तेवढ्यात मागून दादाच्याच वयाची एक बाई उठली. नातवाला कडेवर घेतलेलं. जरा रागातच होती.

"सगळं बरोबर दाखवलं भाऊ. मंग शेवट काहून बदलवला?"

दादाने वळून आमच्या दोघांकडे पाहिलं. बोर्डात पहिला आल्यासारखा चेहरा!

"ताई, तुम्ही पाहिली होती? मग खरा शेवट काय होता?"

बाईने पुढे बसलेल्या लेकरांकडे पाहिलं. नातवाचं डोकं पदराखाली घेतलं.

"इथं नाही सांगत. तुम्ही बाहेर या."