महालिंगअप्पांची हॉकी

पिंगळी स्टेशनासमोर महालिंगअप्पांचं किराणा दुकान होतं. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग आणि पोट असं, की खाली ठेवलेला तराजू त्यांना अंदाजानेच धरावा लागे. या माणसाने १९३८ साली पोरांचा हॉकी क्लब काढला, तेव्हा गाव आठ दिवस दुसरं काही बोललं नाही.

अप्पा माल आणायला परभणीला जात. तिथल्या मैदानावर तीन सामने बघून हॉकी त्यांच्या डोक्यात शिरली. बाभळीच्या वाकड्या फांद्या तासून काठ्या झाल्या, सुतळीच्या गुंडाळीवर चामडं शिवून चेंडू झाला. या खेळातलं आपल्याला सगळं कळतं, याबद्दल अप्पांना शंका नव्हती. आणि गावात दुसऱ्या कुणी हॉकी पाहिलीच नव्हती, त्यामुळे शंका काढणार कोण?

अडचण जागेची होती. पोरं खेळत ते पडीक रान किशनरावांचं, आणि यंदा ते वखरायला निघाले होते. अप्पांनी फार विनवलं, तेव्हा त्यांनी अट घातली : परभणीच्या पोरांना हरवलं तर रान क्लबला, नाहीतर तिथे ज्वारी.

परभणीच्या मैदानावर सामना ठरला. किशनराव फेटा बांधून आले. अप्पांनी अकराही काठ्यांना भस्म लावलं. पोरं मागे कुत्रं लागल्यासारखी धावली आणि त्यांच्यातल्या मुंजाजीने गोल केला. पस्तीस मिनिटांनी शिट्टी वाजली. पोरांनी काठ्या टाकल्या आणि बरोबर आणलेली बुंदी संपवली. किशनरावांनी चारचौघांत रान क्लबला दिल्याचं सांगितलं आणि ही खबर गावात पोचवायला ते पावणेपाचच्या गाडीसाठी निघून गेले.

तेवढ्यात पंच आले आणि म्हणाले, बाजू बदला, अजून अर्धा खेळ बाकी आहे.

अप्पांच्या आत्ता ध्यानात आलं. तिन्ही सामने त्यांनी असेच पाहिले होते. शिट्टी वाजली, खेळाडू पाणी प्यायला निघाले, की हे पावणेपाचची गाडी धरायला पळायचे. वर्षभर पोरांचा दम त्यांनी बरोबर पस्तीस मिनिटांपुरता तयार केला होता.

पोटात बुंदी घेऊन पोरं पुन्हा उतरली. परभणीकरांनी तीन गोल केले. शेवटची शिट्टी वाजल्यावर मुंजाजीने सावधपणे विचारलं, "अप्पा, ही तरी खरी हाय का?"

रुळांच्या कडेने पायी परतताना पोरांनी एकमताने ठरवलं, की गावात बोलायचं नाही. अप्पांना ते गिळवेना. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते किशनरावांच्या ओट्यावर गेले. तिथे किशनराव पाव्हण्यांना तो एकच गोल तिसऱ्यांदा सांगत होते. अप्पांनी मान खाली घालून सगळं सांगितलं, स्वतःच्या अकलेसकट. पाव्हणे छताकडे बघू लागले.

किशनरावांनी अडकित्त्याने सुपारी कातरता कातरता विचारलं,

"अप्पा, मी उठलो तवा कोन पुढं हुतं?"

"आपन."

"मग जबान मी तवाच दिली. मागून काय झालं ते बघायला मी न्हवतो." अडकित्ता खाली ठेवून ते म्हणाले, "पन पोरायला सगळा खेळ शिकवा. पुढच्या बारीला मी शेवटपर्यंत बसनार हाय."

त्या संध्याकाळी अप्पांनी दुकान लवकर बंद केलं. पोरं रानाला फेऱ्या मारत होती, आणि पूर्ण सत्तर मिनिटं मोजायला स्टेशनमास्तरांकडून मागून आणलेलं घड्याळ कानाला लावून अप्पा बांधावर बसले होते.