गास्पारची फाइल

इथे अमेरिकेत युनिव्हर्सिटीच्या गणिताच्या डिपार्टमेंटचं ऑफिस अकरा वर्षं सांभाळलं, तरी डोक्यात गणित काडीचं शिरलं नाही. किस्से मात्र साठत गेले! कॅरीच्या घरून ऑफिसला ड्राइव्ह करताना एखादा आठवतो आणि मी एकटीच हसते. यातले निम्मे एकट्या गास्पारचे. हा फ्रान्सचा, नंबर थिअरीवाला.

आता हसते, पण तेव्हा माझा जीव टांगणीला लागला होता. त्याला कायम करायचं की नाही, हे त्या वर्षी ठरणार होतं. 'नाही' म्हटलं की वर्षभरात नोकरी गेली आणि तिच्यामागून व्हिसाही. बायको, शाळेत जाणारी मुलगी, सगळ्यांनी बॅगा भरायच्या.

*

सुरुवात वार्षिक फॉर्मपासून. 'या वर्षी काय केलं?' या रकान्यात गास्पारने लिहिलं होतं, 'विचार केला.'

मी फॉर्म परत घेऊन गेले. "अरे, निदान चार ओळी तरी लिही. कमिटी वाचणार आहे!"

त्याने पेन घेतलं आणि पुढे लिहिलं, 'अजून चालू आहे.'

उरलेल्या ओळी मीच त्याच्या पेपरांची नावं टाकून भरल्या.

*

मग त्याने मूळ संख्यांबद्दल एक मोठं प्रमेय सिद्ध केलं. कायम होण्याची सगळी केस त्या प्रमेयावरच उभी राहिली. आम्ही केक आणला, डीन स्वतः आले.

"याचा उपयोग काय होईल?" त्यांनी कौतुकाने विचारलं.

"काहीच नाही!" गास्पार खुशीत म्हणाला.

आमची हेड रूथ घाईघाईने मध्ये पडली. "म्हणजे आत्ता लगेच नाही."

गास्पारने जरा विचार केला. "नंतरही नाही."

डीननी केक अर्धाच खाल्ला.

*

पॅरिसच्या कॉन्फरन्सहून परत येताना एअरपोर्टवर त्याला बाजूच्या खोलीत बसवलं. काम काय करता, असं ऑफिसरने विचारलं. हा म्हणाला, "संख्या शोधतो." कुठल्या? "सापडल्या की सांगतो."

झालं! ऑफिसरचा मला फोन. केस चालू असताना व्हिसाचं काही झालं असतं तर सगळंच संपलं असतं.

"मॅडम, हा माणूस धोकादायक आहे का?"

"फक्त फॉर्म भरताना!"

पलीकडून शिक्का मारल्याचा आवाज आला.

*

मग बाहेरच्या तज्ज्ञांची पत्रं आली. अमेरिकन पत्रं तीन-तीन पानांची, प्रत्येकात गास्पार 'पिढीत एखादाच'. पॅरिसच्या सगळ्यात बड्या प्रोफेसरांचं मात्र दोन वाक्यांचं: 'काम वाईट नाही. मला ते जमलं नसतं.'

रूथने डोक्याला हात लावला. "'वाईट नाही'? वाट लागली, वंदना!"

मी पॅरिसला फोन लावला. म्हातारबुवा भडकलेच. "एवढी स्तुती मी जन्मात कुणाची केलेली नाही! जास्त वाटत असेल तर पहिलं वाक्य काढून टाका!"

*

कमिटीची मीटिंग दुपारी दोनला होती. सकाळीच गास्पार एक कागद घेऊन आला. चेहरा पांढराफटक.

"काकू, हे फाइलमध्ये ठेवा." आमच्या डिपार्टमेंटमधल्या नागपूर-पुण्याच्या पोरांचं ऐकून तोही मला काकूच म्हणतो. "माझ्या सिद्धतेत भोक आहे."

"कुणाला सापडलं?"

"मला. काल."

"अजून कुणाला माहीत आहे?"

"आता तुम्हाला."

"अरे वेड्या, उद्या ठेवते ना! आज मतदान होऊन जाऊ दे!"

"ज्यावर मत देणार, ते पुरं नाही. मला माहीत असताना कसं देऊ द्यायचं?"

इतका राग आला मला त्याचा! पण कागद सगळ्यात वर ठेवला.

मीटिंग सुरू झाल्यावर दीड तासाने रूथने मला आत बोलावलं. गास्पारच्या कागदाकडे बोट दाखवत ती म्हणाली, "त्याला विचारून ये. हे भोक बुजवायला किती वर्षं लागतील?"

मी धावत तिसऱ्या मजल्यावर. तो फळ्यासमोर उभा होता.

"दहा," तो म्हणाला. "कदाचित वीस."

"दोन म्हण ना रे! माझ्यासाठी!"

"दोनात नाही होणार, काकू."

मी खाली आले. सगळे माझ्याकडे बघत होते.

"दहा," मी म्हटलं. "कदाचित वीस."

रूथने फाइल पुढे ओढली, पेनचं टोपण काढलं.

"मग याला कायमच करावं लागेल!"