पाचशे मीटर, वय अंदाजे सत्तर

म्हातारं व्हायला आमच्या व्याह्यांइतका उतावीळ झालेला माणूस अख्ख्या नवी मुंबईत दुसरा सापडायचा नाही. बाकीचे लोक साठीनंतर केसांना कलप लावतात आणि बसमध्ये कोणी उठून जागा दिली की मनातून दुखावतात. आमचे व्याही मात्र दोन वर्षं सत्तरीची वाट पाहत होते, आणि गेल्या एक जूनला ती कागदोपत्री लागली तेव्हा त्यांनी मला सकाळी सहा वाजता फोन करून "पाव्हणं, लागली एकदाची!" असं सांगितलं. मला वाटलं लॉटरी. कारण त्यांच्या मते अगदी सोपं आहे, माझ्या डोक्यात ते अजून नीट शिरलेलं नाही. एका यंत्रावर बसून वल्हं ओढायचं, पाचशे मीटर किती वेळात झाले ते मोजायचं आणि यंत्राच्या पडद्याचा फोटो इंटरनेटवरून एका स्पर्धेला पाठवायचा. स्पर्धेत वयाचे गट असतात. पासष्ट ते एकोणसत्तर हा गट व्याह्यांच्या शब्दांत "दांडग्या पोरांचा". सत्तरीपुढे गर्दी विरळ. तिथे दोन मिनिटांच्या आत आलं की पहिल्या तिघांत नाव. तीच वेळ पोरांच्या गटात विसाव्या नंबरालाही पुरत नाही. यावर मी एकदाच शंका काढली होती, की पाचशे मीटर गेल्यावर माणूस पोचतो कुठे? "कुटं पोचायचंय? घरी तर हाय," असं उत्तर मिळाल्यावर मी तो विषय सोडला.

हे यंत्र कळंबोलीत त्यांच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये बिल्डरने ठेवून दिलं होतं. ते कशासाठी आहे हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे त्याचा उपयोग चांगला होत होता. पावसाळ्यात त्याच्या दांडीवर रेनकोट वाळत, आणि उरलेल्या वर्षभर सरकत्या सीटवर वॉचमन डबा ठेवी. डॉक्टरांनी गुडघ्यांमुळे रस्त्यावर चालायचं बंद केलं तेव्हा व्याह्यांनी सगळी यंत्रं तपासली आणि नेमकं हे निवडलं. पहिले दोन दिवस ते त्यावर उलटे बसले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेने, म्हणजे आमच्या मुलीने, मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवून त्यांचं तोंड दुसरीकडे वळवलं. पडद्यावर मीटर, मिनिटं आणि सेकंदाचा दहावा भागसुद्धा दिसतो, असं लक्षात आलं आणि माणूस हातचा गेला.

याचं कारण त्यांच्या नोकरीत आहे. कळंबोलीच्या लोखंड बाजारात ते बत्तीस वर्षं वजनकाट्यावर होते. भरलेला ट्रक काट्यावर घ्यायचा, वजन लिहायचं, रिकामा आला की पुन्हा घ्यायचा, वजाबाकी करून पावती फाडायची. इतक्या वर्षांत त्यांनी कोणाला दहा किलोसुद्धा जास्त-कमी लिहून दिले नाहीत, आणि म्हणून बाजारात त्यांच्याबद्दल आदर होता आणि चहाला कोणी बोलवत नसे. निवृत्त झाल्यावर ही अचूकता सगळी घरात आली. पोळ्या एकसारख्या नाहीत इथपासून ते देवळातला काकडा चार मिनिटं उशिरा सुरू झाला इथपर्यंत. यंत्रावर बसण्याआधी ते आपलं "रिकाम्या गाडीचं वजन" घेतात. घड्याळ, चष्मा, खिशातला रुमाल बाजूला, आणि शेवटी कवळीही काढून डबीत. त्यामुळे दोन मिनिटांच्या घनघोर प्रयत्नानंतर जमिनीवर आडवे पडून ते जे पहिले उद्गार काढतात ते आजवर कोणालाही समजलेले नाहीत. विहीणबाई म्हणतात, "समजत नाहीत तेच बरंय. घरातला सिलिंडर हलवा म्हटलं की कंबर धरतात, आणि इथं बघा, नुसता भुईमूग उपटायला उतरल्यासारखा जोर!"

या सगळ्यात मी कसा, तर मुलीचा बाप म्हणून. यंत्राला स्वतःचं घड्याळ आहे, पण एका काट्यावर विश्वास ठेवायचा नाही हे व्याह्यांचं तत्त्व. दुसरा काटा मी. दर रविवारी सकाळी सात वाजता नावड्याहून रिक्षाने कळंबोलीला जायचं, हातात मोबाइल धरायचा, ते "हां!" म्हणाले की बटण दाबायचं आणि चक्राची घरघर थांबली की पुन्हा दाबायचं. चाळीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढलेल्या माणसाचा अंगठा या कामाला सरावलेला नसतो. माझं घड्याळ कधी दोन सेकंद पुढे, कधी तीन मागे. "पाव्हणं, तुमचा काटा पासिंगला न्यायला पायजे," असं ते सगळ्यांसमोर म्हणत आणि मी हसत असे. लग्नात आमच्याकडून मानपानात काही राहिलं असेल तर ते मी आता रविवारच्या हप्त्यांनी फेडतो आहे, असं आमच्या घरी म्हटलं जातं.

तर स्पर्धा श्रावणातल्या एका रविवारी होती. त्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत वेळ आणि फॉर्म पाठवायचा. व्याह्यांची तोवरची सर्वोत्तम वेळ दोन मिनिटं एक सेकंद, म्हणजे अवघा एक सेकंद कमी करायचा होता. त्यासाठी त्यांनी महिनाभर भात सोडला आणि रात्री नऊला झोपू लागले. सोसायटीच्या चेअरमनने ही बातमी ऐकून ताबडतोब फ्लेक्स छापून घेतला. 'सत्तरीचा तरुण' अशी हातभर अक्षरं, खाली हात जोडलेले चेअरमन, त्यांच्यामागे कमिटीचे सात सदस्य, आणि कोपऱ्यात पासपोर्ट फोटोएवढे आमचे व्याही. स्पर्धेला अजून नऊ दिवस होते. सत्कार उरकून मग पराक्रमाची वाट पाहायची ही आपल्याकडची पद्धत मला नवी नाही, पण व्याही त्या फ्लेक्ससमोरून हलेनात. त्यांची नजर 'सत्तरीचा' या शब्दावर होती.

त्याच दुपारी त्यांनी मला फॉर्म दाखवला. जन्मतारखेखाली एक छोटी चौकट होती आणि तिच्यापुढे 'वरील जन्मतारीख खरी असल्याचे मी जाहीर करतो' अशा अर्थाची इंग्रजी ओळ.

"ह्याच्यात टिक कशी मारू?" ते म्हणाले.

"बोटाने," मी म्हणालो.

"तसं न्हवं. एक जून खोटी हाय."

एक जून खोटी आहे हे आमच्या पिढीत सगळ्यांनाच माहीत असतं. मास्तरांनी वर्गातल्या अर्ध्या पोरांना तीच तारीख देऊन टाकलेली. त्यांच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या दिवशी चौदा जणांना शुभेच्छा जातात. माझीही तीच आहे, आणि मी निमूट केक खातो.

"आई म्हणायची, शाळू काढायला आलाता तवा तू झालास," व्याही म्हणाले. "जूनमधी कुटला आलाय शाळू? आन् महिना खोटा तर साल तरी खरं कशावरनं?"

"कागदावर आहे ना सत्तर? कागद सरकारी आहे."

"मालाच्या चलनावर बी बारा टन लिवलेलं असतं पाव्हणं. म्हणून मी गाडी काट्यावर घेत न्हवतो व्हय?"

त्यांचा जन्म पाहिलेलं माणूस आता एकच उरलं होतं, साताऱ्याकडे गावी असलेली त्यांची थोरली बहीण, अक्का. अक्का ऐंशीच्या वर आहेत. किती वर, हे विचारायची त्या क्षणी कोणाची हिंमत नव्हती. व्याह्यांनी स्पीकरवर फोन लावला.

"तू व्हय? तू दुष्काळाच्या म्होरल्या साली," अक्का म्हणाल्या.

"कंच्या दुष्काळाच्या?"

"आपल्या."

पुढचे आठ दिवस हा तपास चालला. सोमवारी अक्कांना तांबडी म्हैस आठवली. ती व्याली तेव्हा व्याही रांगत होते. बुधवारी चुलत्यांचं लग्न आठवलं. त्यात ते नवरदेवाच्या पुढे घोड्यावर बसले होते आणि उतरायला तयार नव्हते. शुक्रवारी अक्का म्हणाल्या की घोड्यावर तो नव्हे, धाकटा आत्येभाऊ होता. मी चौकटींचा कागद घेऊन डावीकडे साल आणि वर घटना असा तक्ता केला, कारण विद्वान माणसाने असं काहीतरी करावं अशी अपेक्षा असते. तक्त्यानुसार व्याही सदुसष्ट, सत्तर आणि बहात्तर वर्षांचे निघाले. आणखी एका हिशेबाने ते पहिलीत गेल्यानंतर वर्षभराने जन्मले होते. तो रकाना मी खोडला. व्याह्यांनी मात्र तक्ता भिंतीवर लावला आणि चेअरमनला जाऊन सांगितलं, की फ्लेक्सवरच्या 'सत्तरीचा'च्या आधी 'अंदाजे' चिकटवा. चेअरमनने मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, यांना काही टेन्शन आहे का घरी?"

रविवार उजाडला. व्याह्यांनी कवळी काढली, पायांचे पट्टे आवळले आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. नेहमी ते पहिल्या मिनिटात भडकतात आणि दुसऱ्यात विझतात. त्या दिवशी तसं झालं नाही. सीट मागे, सीट पुढे, साखळीचा एकच आवाज, चेहरा आधी लाल आणि मग कसलासा राखाडी, आणि शेवटच्या शंभर मीटरला त्यांचे डोळे मिटलेले. हा माणूस आकडासुद्धा बघत नव्हता. चक्र थांबलं. पडद्यावर एक मिनिट, एकोणसाठ सेकंद आणि चार दशांश. माझ्या मोबाइलवर दोन मिनिटं सात सेकंद, कारण बटण दाबायचं विसरून मी त्यांच्याकडेच बघत राहिलो होतो. ते जमिनीवरून हात वर करून काहीतरी म्हणाले. मला समजलं नाही, पण मी "हो, हो, झालं," म्हणालो. चेअरमनने हार आणला, पण तो आडव्या माणसाला घालणं अवघड असल्यामुळे पोटावर ठेवला.

जेवणानंतर व्याही फॉर्म उघडून बसले. फोटो चढवला, नाव घातलं आणि जन्मतारखेपाशी थांबले. तीन वाजता त्यांनी पुन्हा अक्कांना फोन लावला.

"अक्का, एकदाच नीट सांग. सत्तर का सदुसष्ट?"

"रोज रोज काय इचारतोस? पेन्शनीचं हाय का?"

"न्हाय. शर्यतीचं हाय."

"कसल्या? बैलाच्या?"

"माज्या."

"पडलाबिडलास न्हवं कुटं?"

"न्हाय गं."

"मग किती पायजे तुला?"

"म्हंजी?"

"किती लिवलं म्हंजी तुजं काम हुतंय? सत्तर? मग सत्तर लिव. कुणी इचारलं तर मला फोन लावून दे. मी सांगती, माज्या डोळ्यांम्होरं झालाय म्हणून."

बत्तीस वर्षांत काट्यावरच्या खिडकीत वाकून ज्यांनी ज्यांनी मनासारखं वजन लिहून मागितलं, त्या सगळ्यांना व्याह्यांनी काय उत्तर दिलं ते बाजारात अजून सांगतात. सांगण्यासारखी भाषा नाही ती. पण इथे वजन मागायला कोणी आलं नव्हतं. एक म्हातारी आपण होऊन त्यांना हवं ते वजन द्यायला निघाली होती, आणि वर साक्षीलाही उभी राहणार होती. व्याही म्हणाले, "बरं. जेवलीस का तू?" आणि फोन ठेवला.

"लिहा की हो सत्तर," विहीणबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात नेहमीचा टोमणा नव्हता. "महिना झाला भात खाल्ला नाहीत. कोण येणारय मोजायला?"

मीही सांगितलं. कायद्याने कागद खरा, कागदावर सत्तर, यात कणभरही लबाडी नाही, सगळ्या देशात कोणी हरकत घेणार नाही. ते ऐकत होते आणि मान डोलवत होते, म्हणून मला वाटलं पटलं. साडेपाच झाले. विहीणबाईंनी चहा आणला तो गार झाला. घड्याळात पावणेसहा वाजले तेव्हा त्यांनी बोट चौकटीवर नेलं आणि परत घेतलं. सहा वाजता फॉर्म आपोआप बंद झाला आणि त्या जागी आभाराची एक ओळ आली. व्याह्यांनी ती दोनदा वाचली, चष्मा काढला आणि विहीणबाईंना म्हणाले, "भात टाक आज."

चेअरमनला हे समजावून सांगायला मला दोन दिवस लागले, आणि त्यांना ते समजलं असं मी म्हणणार नाही. मला स्वतःला तरी कुठे समजलं होतं? पुढच्या रविवारी मी सवयीने सातला कळंबोलीला पोचलो, तर ते यंत्रावर आधीच बसलेले, कवळी मात्र अजून तोंडात. मी धीर करून विचारलं, "आकडा तरी काय धरला होतात मनात?"

"बसलाच न्हाय आकडा," ते म्हणाले. "काट्यावर बी हुतं की असं. भरलेली गाडी हुबी असती, पर इंजिन चालू असलं की आकडा थरथरत ऱ्हातो. सदुसष्ट दावतो, सत्तर दावतो. तसल्या गाडीची पावती फाडायची नसती. इंजिन बंद झालं की मग बसतो."

त्यांनी कवळी काढून डबीत ठेवली आणि डबी माझ्या हातात दिली. मी ती खिशात घातली, मोबाइल काढला आणि ते "हां" म्हणायची वाट बघत उभा राहिलो.