मुरमातल्या चार चाकोऱ्या

मंडळी, आधीच सांगून टाकतो. भूत, भानामती, उतारा, लिंबू-मिरची... यातलं मी काहीही मानत नाही. पाचोडला आमच्या शेताच्या वाटेवर एक चिंच होती. तिच्याखालून गावातले बाप्येसुद्धा भरदुपारी जायचे नाहीत, आणि मी तिच्याच सावलीत भाकरी खाऊन झोप काढायचो. पुढे वाळूजला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये, सुटे भाग केसाएवढ्या अचूक मापात करण्यात, अठ्ठावीस वर्षं काढली. तिथे माणूस असा होतो की बायको म्हणाली, आज भाकरी जरा जाड झाली, तर तो विचारतो, कितीनं?

तर असा मी. आणि तरीही जे लिहितोय ते भरदिवसा, सकाळी पावणेअकराला, दहा-बारा माणसांसमोर घडलंय. 

शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि मोबाईलला बटणं होती. आम्ही बजाजनगरात राहायचो. माझी मुलगी मुक्ता नुकतीच मेकॅनिकल इंजिनिअर झालेली, आणि तिच्या डोक्यात एकच खूळ — फोर व्हील ड्राईव्ह जीपला मागचं स्टीअरिंग बसवायचं!

सोपं करून सांगतो. तुमची-आमची गाडी पुढच्या चाकांनी वळते. मागची बिचारी नवरीच्या मागे करवली यावी तशी मुकाट येतात. मुक्ताला ती मागची चाकंही वळती करायची होती. पुढच्यांच्या उलट दिशेला वळवली की गाडी जागच्या जागी गिरकी घेते. चारही एकाच दिशेला वळवली की गाडी खेकड्यासारखी तिरपी चालते. डोंगरात, नाल्यात, अवघड जागी या दोन्हींचा फार उपयोग.

वर्षभर राबली पोरगी. लिलावातली जुनी जीप, तिच्या मागच्या बाजूला दुसऱ्या जीपचा पुढचा, चाकं वळवता येणारा ॲक्सल, फोर्कलिफ्टचं हायड्रॉलिक सिलिंडर, आणि सीटशेजारी एक लिव्हर. लिव्हर पुढे ढकलला की मागची चाकं एका बाजूला, मागे ओढला की दुसऱ्या बाजूला. डिझाईन तिचं. वेल्डिंग आमच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या रशीदभाईंचं. आणि लेथकाम तुमच्या सेवकाचं! ज्या दिवशी ती जीप पहिल्यांदा मैदानात तिरपी चालली ना, त्या दिवशी मी, पन्नाशीचा माणूस, तिच्यामागे टाळ्या पिटत पळालो. रशीदभाईंनी गल्लीत जिलबी वाटली.

पण मनात एक काटा होता. फोर्कलिफ्टही मागच्याच चाकांनी वळतो. ड्रायव्हरचं लक्ष पुढे असतं आणि शेपूट भलतीकडे झोकांडी खातं. आमच्या वर्कशॉपमध्ये त्या शेपटाखाली एकाचा पाय गेलेला मी या डोळ्यांनी पाहिलाय. मुक्ता दरीच्या कडेला असली आणि घाबरून लिव्हर उलटा गेला तर? शेपूट सरळ दरीत! हे तिला सांगितलं की ती म्हणायची, "अप्पा, मी घाबरत नाही." तिला कुठे माहीत, की तिच्या वाट्याचंही मीच घाबरत होतो.

म्हणून मी एक पिन केली होती. बोटाएवढी जाड, कडक केलेली. ॲक्सलवरच्या ब्रॅकेटमधून ती आरपार टाय रॉडमध्ये, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणाऱ्या दांड्यात, घातली की मागची चाकं सरळ राहतात. वळणार नाहीत म्हणजे नाहीत. रस्त्यावर गाडी चालवताना ती लावायची आणि डोंगरात काढायची, असं ठरलेलं. पिनेच्या टोकाला ती निसटू नये म्हणून दोन पायांची बारीक कॉटर पिन घालायची, तिचे दोन्ही पाय वाकवायचे आणि वर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा, ही माझी टूलरूमची सवय. ठिपका तडकला म्हणजे कुणीतरी हात लावला.

आता हे सगळं घडलं त्या रविवाराबद्दल. नोव्हेंबर महिना. वैजापूर रस्त्यानं निघून, डावीकडे कच्च्या वाटेनं तीनेक किलोमीटर आत, एक बंद पडलेली दगडाची खदान आहे. ओळखीतल्या काही हौशी लोकांनी तिथे जीप पळवायचा कार्यक्रम ठेवला होता. पहिला टप्पा सपाटीवरचा, खांबांमधून वळणं घेण्याचा. मुक्तानं त्यात अशा काही गिरक्या मारल्या की लोक आपापल्या गाड्या सोडून बघायला आले! एक मिशीवाले काका मला विचारतात, "पोरगी कुणाची हो?" मी म्हटलं, "आमचीच!" छाती अशी फुगली की शर्टाचं बटण जातं की काय.

दुसरा टप्पा खदानीच्या काठानं. डावीकडे खोल खड्डा, तळाला हिरवं पाणी. उजवीकडे मुरमाचा चढ. मधून जेमतेम दीड गाडीची आडवी, कलती वाट. ती बघितली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

मुक्ता नाव लिहायला गेली होती. मी पक्कड घेतली, गाडीखाली सरपटलो, आणि पिन लावली. कॉटर वाकवली. पिवळा ठिपका दिला. बाहेर आलो तर समोर रशीदभाई.

"अप्पा, पिन डाल दी क्या?"

"व्हय. ह्या कडंला शेपूट फिरलं तर संपलंच समदं."

"ठीक है. पन बेटी को बोल दो पैले. गाडी उसकी है."

"सांगतो की."

मुक्ता आली. हेल्मेट चढवता चढवता म्हणाली, "अप्पा, खाली काय करत होतात?"

आणि मी काय म्हणालो असेन? "काय नाय गं. तेल गळतंय का बघत होतो."

का खोटं बोललो? सांगितलं असतं तर तिनं पिन काढायला लावली असती, म्हणून. मला वाटलं, फार फार तर दोन वळणं तिला अवघड जातील, वर येऊन ती चिडेल, आणि मी दोन शिव्या खाईन. लेकीच्या शिव्या गोड असतात.

ती निघाली. आम्ही वाटेच्या पलीकडच्या टोकाला उभे, सत्तर-ऐंशी पावलांवर. पहिली अर्धी वाट तिनं अशी सफाईनं काटली की मी रशीदभाईंना कोपर मारलं. आणि मग डाव्या बाजूचा काठ सुटला.

आवाज आला नाही हो मोठा. चाळणीतून धान्य सांडावं एवढाच. डाव्या चाकांखालचा मुरूम खाली सांडायला लागला आणि गाडी हळूहळू डावीकडे कलली. मुक्तानं पुढची चाकं उजवीकडे, चढावर फिरवली. बरोबरच केलं. पण मागचं डावं चाक काठावरच फिरत राहिलं, आणि दर सेकंदाला काठ आणखी आत येत होता.

मला दिसलं, तिचा हात लिव्हरकडे गेला.

त्या क्षणी त्या अख्ख्या माळावर मला आणि रशीदभाईंना, फक्त आम्हा दोघांना माहीत होतं की तो लिव्हर मेलेला आहे. मी ओरडलो, "पिन हाय! मुक्ते, पिन हाय!" पण इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार?  रशीदभाईंनी माझं मनगट धरलं आणि ते पुटपुटले, "या अल्लाह."

आणि मागची चाकं वळली!

डोळ्यांनी पाहिलंय मी. दोन्ही मागची चाकं, सावकाश, रुबाबात, पुढच्यांच्याच दिशेनं वळली. गाडी क्षणभर थांबली आणि मग तिरपी... खेकड्यासारखी तिरपी... तो चढ चढायला लागली! काठ मागे खाली कोसळतोय आणि गाडी एकेक वीत बाजूला सरकत वर! एक वीत, एक हात, दोन हात! लोक किंचाळत होते, शिट्ट्या मारत होते, ते मिशीवाले काका टोपी उडवत होते. मी? मी रडत होतो आणि हसत होतो, दोन्ही एकदमच.

मुक्ता सपाटीवर आली, उडी मारून उतरली आणि धावत येऊन माझ्या गळ्यात पडली. "अप्पा! बघितलंत? चाललं! माझं स्टीअरिंग चाललं! एका ओढीत वळलं!"

मी मान डोलावली.  सगळे तिच्याभोवती जमले तसे मी आणि रशीदभाई गाडीकडे गेलो आणि एकेका बाजूनं खाली वाकलो.

पिन जागेवर होती. आरपार. कॉटरचे दोन्ही पाय मी वाकवले होते तसेच वाकलेले. पिवळा ठिपका सलग, केसाएवढाही तडा नाही. मागची चाकं सरळ रेषेत.

रशीदभाईंनी पिनेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "अप्पा, मैं कुछ नै बोलूंगा. बोलना है तो तुम बोलो."

खरं सांगतो, न सांगायचा मोह झाला. पोरगी तिकडे उभी, तोंड नुसतं उजळलेलं, लोक हातात हात देतायत. सांगितलं तर तिची जीतही जाणार आणि बापावरचा विश्वासही. पण तिनं तिकडून हाक मारली, "अप्पा, या ना! तुम्ही केलेलं ब्रॅकेट दाखवायचंय यांना!" मग मात्र माझ्यानं राहवेना. तिला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं.

आधी हसली. तिला वाटलं, मी गंमत करतोय. मग माझा चेहरा बघून ती तशीच गाडीखाली गेली. बाहेर आली तेव्हा केसांत मुरूम होता.

"पिन तुम्ही लावलीत?"

"व्हय."

"मला न सांगता?"

"व्हय, पोरी."

ती वळली. चालत त्या वाटेवर गेली. आम्ही मागोमाग. आणि तिथे मुरमात जे होतं ते पाहून आम्ही तिघंही खाली बसलो.

गाडी सरळ चालली की मागची चाकं पुढच्यांच्याच चाकोरीत पडतात. चाकोऱ्या दोनच उमटतात. इथे चार होत्या! काठापासून सपाटीपर्यंत, चढाला तिरप्या, शेजारी शेजारी चार. मी म्हटलं, गाडी घसरली असेल. मुक्ता म्हणाली, "घसरलेलं चाक ठसा पुसतं, अप्पा. हे बघा." टायरचा ठसा सोऱ्यातून पडलेल्या चकलीसारखा काटेकाटे स्वच्छ उमटला होता. आणि घसरली असती तर खाली गेली असती ना? चढाकडे कशी घसरेल? रशीदभाईंनी मोबाईलवर फोटो काढला. त्यात नुसते तांबडे ठिपके दिसतात, पण तो फोटो त्यांनी अजून जपून ठेवलाय.

मग मुक्तातली इंजिनिअर जागी झाली. रागावलेली होती, पण डोळे चमकत होते! गाडी सपाटीवर नेली आणि पिन तशीच ठेवून लिव्हर ओढला. पंप कण्हला, व्हॉल्व्ह शिटी मारायला लागला, चाकं जागची हलली नाहीत. पुन्हा ओढला. पुन्हा तेच. पंधरा-वीस वेळा झालं असेल. दुसऱ्या दिवशी मी ती पिन टूलरूममध्ये नेली आणि सरफेस प्लेटवर, म्हणजे मापाच्या सपाट पाटावर, फिरवून बघितली. सरळ. कुठे ओरखडा नाही, दाब नाही. टाय रॉडचं भोक मोजलं, जसं केलं होतं तसंच. सिलिंडर खोललं, ॲक्सल खोलला. कंपनीतले दोन जाणते साहेब घरी येऊन बघून गेले. एक म्हणाले, तुम्ही पिन लावायला विसरला असाल. मी म्हटलं, मग साहेब, ती नंतर आपोआप लागली का, रंगासकट? दुसऱ्यांनी चहा घेतला आणि विषय बदलला.

रशीदभाई म्हणतात, ऊपरवाले का करम. आमच्या घरातून खंडोबाला नारळ गेला. मी अजूनही कागदावर आकृत्या काढतो. इतकी वर्षं झाली, उत्तर नाही. तुमच्यापैकी कुणी या क्षेत्रातलं असेल तर जरूर सांगा, पण "भास झाला असेल" एवढं मात्र म्हणू नका. भासाच्या चाकोऱ्या मुरमात उमटत नाहीत.

एक गोष्ट राहिली. त्या दिवशी परतताना मी मुक्ताशेजारी बसलो होतो. गाडी तीच चालवत होती. बजाजनगरच्या वळणावर, समोर बघतच, ती म्हणाली, "अप्पा, पिन आहे हे माहीत असतं, तर मी त्या काठानं गेलेच नसते. वरच्या अंगानं गेले असते."

बस. एवढंच. मी ज्या भीतीनं पिन लावली, ती न सांगितलेली पिनच तिला, मागची चाकं वळतील या भरवशावर, काठावर घेऊन गेली होती.  घरी जाऊन मी तिच्या आईसमोर तिची माफी मागितली. तिनं लगेच माफ केलं नाही, आणि ते बरोबरच होतं. आठ दिवस माझ्याशी फक्त मिलिमीटरमध्ये बोलत होती.

ती जीप अजून आहे. मुक्ता पुण्याहून सुट्टीला आली की आम्ही दोघं तिच्यावर काम करतो. गाडीखाली शिरण्याआधी मी हाक मारतो, "मुक्ता, खाली चाललोय गं." ती वरून म्हणते, "या, अप्पा." मग जातो.